खुनी कोण ते सांगू नका!

आपण लिहिलेली कादंबरी आपणच विकायला निघावे, हा प्रसंग आता बहुतेक मराठी कादंबरीकारांवर येतो. त्यात प्रेमकथा लिहिणारा त्यातल्या त्यात सुखी. तो व्यासपीठावर उभा राहून खुशाल सांगतो, की माझी नायिका अखेर एकटीच राहते. ऐकणाऱ्यांपैकी दोघाचौघांचे डोळे ओले होतात आणि ते जाताना पुस्तक घेऊन जातात. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला तर लपवावे असे काही नसतेच. पानिपतावर काय झाले हे वाचकाला शाळेपासून ठाऊक असते, आणि तरीही तो सहाशे पाने वाचून पुन्हा हळहळतो. पण रहस्यकथा लिहिणाऱ्या बापड्याने काय करावे? त्याच्या दुकानात एकच माल असतो आणि तो गिऱ्हाइकाला दाखवला की संपतो. गावभर दवंडी तर पिटायची, पण कशाची ते सांगायचे नाही, असा हा धंदा आहे.

गेले सात महिने मी ही दवंडी पिटत हिंडतो आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण दहावी, म्हणजे आमचे वडीलधारे अजून म्हणतात त्याप्रमाणे ‘मॅट्रिक’. त्यापुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका. मुलांना फळ, घडा आणि निसर्गदृश्य शिकवावे आणि रात्री जेवणे झाल्यावर कोणाला तरी मारावे, असा माझा दिनक्रम. आजवर अशा चार कादंबऱ्या झाल्या. चौथी गेल्या गुढीपाडव्याला प्रसिद्ध झाली. गुळाच्या एका अडत्याच्या वखारीत, रव्यांच्या थप्पीमागे, दुकानाच्या दिवाणजीचे प्रेत सापडते आणि वखारीला तर आतून कडी असते. याहून अधिक सांगणे माझ्या हिताचे नाही. कादंबरीचे नावही सांगत नाही, नाही तर संपादक या लेखाचे मानधन देण्याऐवजी जाहिरातीचे बिल पाठवतील.

आमच्या आधीच्या पिढ्यांना हा व्याप नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ गल्लीगल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयांतून घरोघर गेले. बाबूरावांना त्यांच्या मागे हिंडावे लागले नाही. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा एके काळी दप्तरात लपवून त्यांची पुस्तके वाचलेली माणसे पन्नाशी-साठीला आलेली होती. सुहास शिरवळकरांची (१९४८–२००३) पुस्तके तर वाचनालयात परत यायच्या आतच पुढच्या माणसाने सांगून ठेवलेली असत. माझ्या आजोळी असे एक वाचनालय एका शिंप्याच्या दुकानात होते. दिवसाच्या भाड्याने पुस्तक मिळे. शिंपी माप घेता घेता म्हणे, ‘हे ने, रात्री झोप लागणार नाही.’ त्याची तेवढी जाहिरात पुरत असे. आता ती वाचनालये बहुतेक ठिकाणी गेली. शिंपीही थोडेच उरले.

म्हणून प्रकाशकांनी मला पुण्याला बोलावून घेतले आणि समोर बसवून हिशेब सांगितला. आवृत्ती पाचशे प्रतींची. किंमत तीनशे वीस रुपये. त्यातले विक्रेत्याचे कमिशन जाऊन, कागद, छपाई, बांधणी, टपाल जाऊन जे उरते ते सांगताना त्यांनी बोटे मोडली आणि ती सगळी लागलीही नाहीत. ‘आता लेखकानं फिरलं पाहिजे, सर,’ ते म्हणाले. शेजारी त्यांचा भाचा बसला होता. जाहिरातीचे काम त्याच्याकडे. त्याने मला विचारले, ‘सर, तुम्ही चार दिवस बेपत्ता होऊ शकाल का?’

तो थट्टा करत होता, पण त्याच्या थट्टेला आधार होता. १९२६ च्या डिसेंबरात अ‍ॅगाथा ख्रिस्ती आपली मोटार रस्त्याकडेला सोडून नाहीशा झाल्या आणि अकरा दिवसांनी हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. त्याच वर्षी त्यांची फार गाजलेली एक कादंबरी निघाली होती. बाई खऱ्याच दुःखात होत्या. आई वारली होती आणि संसार मोडत होता. तरी हा सगळा पुस्तकाच्या प्रसिद्धीचा डाव आहे असे म्हणणारे लोक निघालेच. मी भाच्याला सांगितले, की मी चार दिवस नाहीसा झालो तर वर्तमानपत्राच्या आधी मुख्याध्यापक ते मस्टरात लिहितील, आणि रजा बिनपगारी होईल.

जाहिरातीचा खरा धडा मी एडगर वॉलेसकडून घेतला आहे. त्याने १९०५ मध्ये ‘द फोर जस्ट मेन’ ही कादंबरी स्वतःच काढली. तीत इंग्लंडच्या परराष्ट्रमंत्र्याचा पहाऱ्यातल्या बंद खोलीत मृत्यू होतो. तो कसा झाला हे कादंबरीत न सांगता, जो वाचक ओळखेल त्याला बक्षीस, अशी जाहिरात वॉलेसने लंडनभर लावली. बक्षिसांची रक्कम पाचशे पौंड. जाहिरात उत्तम झाली, पुस्तक धो धो खपले. फक्त बक्षीस एकालाच मिळेल असे लिहायचे राहिले होते. बरोबर उत्तरांचा ढीग आला आणि बक्षिसे भागवायला त्या गृहस्थाला आपल्या वर्तमानपत्राच्या मालकापुढे हात पसरावा लागला. त्या मानाने न्यूयॉर्कचे हार्पर हे प्रकाशक हुशार. त्यांनी १९२९ च्या सुमारास पुस्तकाचा शेवटचा भाग पातळ कागदाने मोहोरबंद करून विकायला काढला. तिथपर्यंत वाचून ज्याला पुढे वाचावेसे वाटणार नाही, त्याने मोहोर न फोडता पुस्तक परत करावे आणि पैसे घेऊन जावेत. ही युक्ती मला इतकी आवडली, की मी प्रकाशकांना गळ घातली. त्यांनी बाइंडरला विचारले. बाइंडर म्हणाला, ‘प्रतीमागं चार रुपये पडतील, आणि मोहोर पुस्तकविक्याच्या दुकानातच फुटंल.’ बेत तिथेच संपला.

भाच्याने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे मोबाइलवर फिरवायची एक छोटी चित्रफीत. ती नववीच्या मुलांनी चित्रकलेच्या वर्गात काढली. मी लाल रंगात कुंचला बुडवायचा आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब पाडायचा. पण स्नेहसंमेलनाच्या पडद्यांपायी शाळेतला लाल संपला होता, म्हणून रक्त शेंदरी निघाले. ती हजारभर लोकांनी पाहिली आणि खाली एका मुलाने लिहिले, ‘सर, सोमवारी वह्या बघणार काय?’

दुसरी गोष्ट एवढी साधी नव्हती. पाचशेपैकी दोनशे प्रती आधी बांधायच्या होत्या, उरलेल्या तीनशे पावसाळ्यात. त्या तीनशेंच्या वेष्टनावर आडवी तांबडी पट्टी घालायची आणि तीवर लिहायचे, ‘एका सत्य घटनेवर आधारित’.

‘पण ही सत्य घटना नाही,’ मी म्हणालो. ‘ती वखार मी कागदावर बांधली, कडीसुद्धा मीच लावली.’

‘अहो सर, जगात गुळाच्या वखारी आहेत की नाहीत? दिवाणजी मरतात की नाही?’ प्रकाशक म्हणाले. ‘लोकांना खरं लागतं हल्ली. या पट्टीवर शंभर प्रती जास्त जातात, हा माझा अनुभव आहे.’

त्यांच्या अनुभवाला मी काय उत्तर देणार? पावसाळ्यापर्यंत बघू, असे म्हणून मी कोल्हापूरची गाडी धरली.

प्रकाशन समारंभ आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात झाला. पाहुणे म्हणून एक निवृत्त पोलीस निरीक्षक आले होते. मनुष्य मोठा सज्जन. त्यांनी पुस्तक खरोखर वाचले होते, आणि हे पाहुण्यांच्या बाबतीत दर वेळी घडते असे नाही. त्यांनी आधी पोलिसी तपासाची माहिती दिली, ती श्रोत्यांनी कान देऊन ऐकली. आमच्याकडे तपास संपला आणि आरोपपत्र देता आले नाही, तर पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे अंतिम अहवाल पाठवतात. त्याला ‘समरी’ म्हणतात आणि तिचे तीन वर्ग असतात. खोटीच फिर्याद कोणी वैराने दिली असेल तर ‘बी’. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार असेल तर ‘सी’. आणि गुन्हा खरा आहे, पण आरोपी मिळून आला नाही, तर ‘ए’. ‘आमच्या नोकरीत,’ साहेब म्हणाले, ‘सगळ्यांत वाईट ती ए समरी. घडलं ते खरं आहे असं आपणच सहीनिशी लिहून द्यायचं आणि फाइल बांधून ठेवायची. या लेखकांचं बरं असतं. यांना ए समरी करताच येत नाही.’

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांनी साहेब खुलले आणि म्हणाले, ‘आता याच कादंबरीत बघा. तो जो –’ आणि त्यांनी खुन्याचे नाव सांगितले.

सभागृहात ऐंशी माणसे होती. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या पत्नीने कपाळाला हात लावला. प्रकाशकांचा भाचा उभा राहिला आणि काय करावे हे न सुचून पुन्हा बसला. साहेब आपल्या भरात होते. त्यांनी खुन्याचा हेतू सांगितला, तपासातल्या दोन जागा नावाजल्या आणि मला चिरायू चिंतून भाषण संपवले. मला त्या वेळी लंडनच्या ‘माउसट्रॅप’ नाटकाची आठवण झाली. ते १९५२ साली सुरू झाले, आणि प्रयोग संपला की गुपित बाहेर फोडू नका अशी प्रेक्षकांना विनंती करतात. तिथे प्रेक्षकांना सांभाळावे लागते. पाहुण्यांना सांभाळायची काही युक्ती त्यांच्याकडेही नसावी.

आता एक प्रत जायची नाही, असे भाच्याने धरून चालले होते. त्या संध्याकाळी तेवीस प्रती गेल्या. आमच्या गावाच्या मानाने हा आकडा मोठा. मी एकेकाला सही देता देता विचारीत होतो, की नाव तर कळले, मग आता का घेता? एक हमाल म्हणाला, ‘कडी आतनं हुती न्हवं? मग त्यो भाईर कसा आला, ते बघाय नको?’ पोस्टातल्या एक बाई म्हणाल्या, ‘माणूस तसा वाटला नाही हो भाषणात. त्यानं असं का केलं, ते वाचल्याशिवाय कसं कळेल?’

त्या रात्री मला फार वेळ झोप आली नाही. आपण एक नाव लपवून ठेवतो आणि त्या नावाचे पैसे घेतो, असे मी वीस वर्षे समजत होतो. हमालाला नाव मिळाले होते, फुकट मिळाले होते आणि त्याला ते पुरत नव्हते. त्याला सगळे ओळीने हवे होते. आधी काय झाले, मग कोण कुठे होते, कोण काय खोटे बोलले, आणि शेवटी सर्वांना एका खोलीत बसवून, दार लावून, कोणीतरी मोठ्याने म्हणायचे, ‘हा तो.’ नाव कानावर येणे आणि उलगडा होणे, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव काय, पारावरही मिळते.

मग सुट्टीच्या दिवसांतले माझे हिंडणे सुरू झाले. पिशवीत वीस-पंचवीस प्रती, एस.टी.ची पहिली गाडी आणि कुठल्या तरी वाचनालयात संध्याकाळी पाचला व्याख्यान. अशा वाचनालयांची पुस्तके पाहण्यासारखी असतात. एका ठिकाणी ग्रंथपालांनी मला जुनी रहस्यकथा काढून दाखवली. पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, ‘खुनी – डॉक्टर.’ त्याखाली दुसरे अक्षर, ‘चूक. डॉक्टरचा भाऊ.’ त्याखाली शाईने, ‘दोघेही नाहीत. वाचा म्हणजे कळेल.’ ‘तिसऱ्यानं लिहिल्यापासून पुस्तक कपाटात राहत नाही,’ ग्रंथपाल म्हणाले. जाहिरात कशी करावी हे त्या तिसऱ्या माणसाला प्रकाशकांच्या भाच्यापेक्षा अधिक कळत होते.

गावात निराळाच तपास चालू होता. माझ्या वखारीची खरी वखार कोणती, हे लोक शोधत होते. बाजारात एका अडत्याने मला थांबवले. ‘मास्तर, आमचं दुकान घातलंय म्हनं पुस्तकात?’ मी म्हणालो, ‘तुमचं नाही, कुणाचंच नाही.’ तो थोडा हिरमुसला. ‘आमचं घातलं असतं तरी चाललं असतं. रव्याचं वजन तेवढं बरोबर लिवलंय न्हवं?’ मी वजन सांगितले. ते बरोबर निघाल्यावर त्याने एक प्रत घेतली, आणि पैसे उधार ठेवले.

आषाढात, पावसाने उघडीप दिली त्या रविवारी, मी जवळच्याच एका खेड्यात गेलो होतो. तिथले वाचनालय ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत. पंचवीस-तीस माणसे, त्यांत शाळेतली मुलेच अधिक. मी नेहमीचे बोललो आणि नेहमीसारखा शेवट केला, की काही करा, पण शेवटचे पान आधी वाचू नका, कारण सगळे काही तिथे आहे. मुले हसली. चहा आला.

तेवढ्यात मागच्या बाजूला भिंतीशी बसलेली एक बाई उठून पुढे आली. वय साठीचे असेल. बरोबर आठवीतली नात. बाईने कमरेची पिशवी उघडून प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद काढला.

‘मास्तर, एवढा कागुद वाचा.’

मी वाचला. नऊ वर्षांपूर्वीचा होता. तिचा मुलगा पाटाच्या कडेला उसात मरून पडलेला सापडला होता. डोक्यात घाव होता. तपास झाला, आणि फिर्यादी म्हणून तिला कळवले होते, की सदर गुन्ह्यात ए समरी मंजुरीसाठी पाठवली आहे. मी तो मजकूर तिला साध्या भाषेत सांगू लागलो, तशी ती म्हणाली, ‘ते ठावं हाय मला. नातीनं वाचलंय. पाठ हाय माझं. गुन्हा खरा हाय, मानूस मिळाला न्हाई.’ मग कागद उलटा करून तिने मला त्याची कोरी बाजू दाखवली. ‘तुमी म्हनला, समदं शेवटच्या पानावर आसतंय. मग ह्येचं शेवटचं पान कुटं हाय?’

मी काही बोललो नाही.

‘नाव समद्या गावाला ठावं हाय,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. ‘हितं बसल्यात त्यांस्नीबी ठावं हाय. पर कोन तोंडानं म्हनत न्हाई.’

खोलीत रिकामे कप गोळा करायला एकदम चौघेजण उठले. खिडकीपाशी उभे असलेले दोघे पाऊस आला का ते बघायला जिन्याने खाली गेले. पाऊस नव्हता.

मी रहस्यकथा लिहितो. माझा निरीक्षक एका शिंकेवरून, बुटाला लागलेल्या राखेवरून माणूस ओळखतो. पण त्या खोलीत शिंक ओळखायला निरीक्षक नको होता. तिथे ओळखायचे काही उरलेच नव्हते. सगळे एका खोलीत होते, म्हणजे माझ्या प्रत्येक कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात असतात तसेच. फक्त दार उघडे होते आणि माणसे निघून जाऊ शकत होती.

मला जेवढे ठाऊक होते तेवढे मी तिला सांगितले. ए समरी म्हणजे कायमचे कुलूप नव्हे. नवा पुरावा, नवा साक्षीदार पुढे आला तर पोलिसांना पुढचा तपास करता येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी सोय होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तीतही ती आहे. ‘साक्षीदार कुटनं आनू?’ तिने विचारले आणि जिन्याकडे पाहिले. तरी तिथेच बसून, नातीच्या वहीचे पान घेऊन, मी पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला. अक्षर मात्र मी शाळेचे फलक लिहितो तसे काढले. निदान वाचता येत नाही म्हणून तो बाजूला पडू नये.

अर्जावर अंगठा उमटवून झाल्यावर तिने टेबलावरच्या माझ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला.

‘ह्यात गावतोय न्हवं शेवटाला?’

जे गुपित मी इतके दिवस ओठांवर येऊ दिले नव्हते, ज्यासाठी मी पाहुण्यांवर मनातल्या मनात रागावलो होतो, त्याच्याजवळचाच हा प्रश्न. मी म्हणालो, ‘गावतो, मावशी.’

‘नक्की?’

‘नक्की गावतो. सगळ्यांच्या देखत त्याचं नाव घेतात.’

‘मग एक द्या.’

मी प्रत नातीच्या हातात दिली आणि पैसे नकोत म्हणालो. बाईने मान हलवली. ‘फुकटाचं कोन मनावर घेत न्हाई, मास्तर.’ समारंभाची सवलत धरून अडीचशे रुपये होत होते. दहा-दहाच्या आणि वीस-वीसच्या नोटा तिने दोनदा मोजून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रकाशकांना फोन केला आणि पट्टी घालू नका म्हणून सांगितले. त्यांनी कारण विचारले. मी म्हणालो, माझ्या कादंबरीत खुनी सापडतो आणि तो सापडल्याचे सर्वांसमोर सांगितले जाते. अशी घटना मी ऐकलेली नाही, तेव्हा ती सत्य घटनेवर आधारित आहे असे मला लिहिता येणार नाही. फोनवर बराच वेळ शांतता होती. ते माणूस वाईट नव्हते. त्यांनाही कागदाचे बिल द्यायचे होते. ‘ठीक आहे, सर,’ ते शेवटी म्हणाले. ‘पुस्तक तुमचं, शब्द तुमचा. पण त्या शंभर प्रती आता तुम्ही खपवायच्या.’

म्हणून माझे रविवार अजून एस.टी.त जातात. उरलेल्या तीनशे प्रती पट्टीवाचून बांधल्या गेल्या. आजच्या तारखेला तीनशे एकेचाळीस खपल्या आहेत. दिवाळीनंतर निपाणीला आणि मग बेळगावला कार्यक्रम आहे. सीमेपलीकडचे मराठी वाचक रहस्यकथेवर प्रेम करतात, असा माझा अनुभव आहे. पाहुण्यांना मी आता आधीच भेटतो आणि हात जोडून विनंती करतो, की साहेब, तेवढे नाव सांगू नका. बहुतेकजण ऐकतात. एखाद्याने सांगितलेच, तर मी फारसा दचकत नाही.

त्या अर्जाची पोच आली. नातीने दाखवलेल्या प्रतीवर कार्यालयाचा गोल शिक्का आहे आणि आवक क्रमांक आहे. भाद्रपदात एक हवालदार येऊन बाईचा जबाब पुन्हा लिहून घेऊन गेला. दुसऱ्या कोणाचा घेतला का, ते त्या खेड्यात कोणी सांगत नाही.

नात माझ्याच शाळेत आहे. चित्रकलेच्या तासाला ती पुढच्या बाकावर बसते. आजीला रोज रात्री ती दोन पाने वाचून दाखवते; भांगलणीच्या आणि सणावारांच्या दिवसांत खाडे झाले. मध्यंतरी मी तिला विचारले, की कुठवर आलात?

‘एकशे बासष्ट पानं झाली, सर. मी म्हटलं, आजी, पुढचं आज सगळंच वाचते. तर आजी म्हणते, नको. हळू वाच.’

पुस्तक दोनशे आठ पानांचे आहे.